ठेकेदार सभापती झाले तेव्हा

माझे वडील उंद्रीला प्राथमिक शाळेत मास्तर होते. मला ठेकेदाराच्या घरी द्यायचा विषय निघाला तेव्हा ते बरेच दिवस टाळत होते. ठेकेदार म्हणजे सिमेंटात रेती जास्त घालणारा माणूस, अशी त्यांची पक्की समजूत. मग कोणीतरी त्यांना पिंपळगाव राजा या गावाकडे नेऊन यांनी बांधलेला एक छोटा पूल दाखवला. वडील पुलावर उभे राहिले, मग धोतर सावरत खाली नाल्यात उतरले, आणि घरी येऊन आईला म्हणाले, "माणूस बरा असावा. जिथे कोणी पाहायला जात नाही तिथलाही दगड नीट घडवलाय." एवढ्यावर माझं लग्न ठरलं आणि मी घाटावरून घाटाखाली, जळगाव जामोदला आले.

घर म्हणजे अर्धं घर आणि अर्धं बांधकामाचं सामान. परसात घमेली, फावडी, पाट्या, चुन्याची पोती, आणि रेल्वेच्या लिलावातून आणलेले जुने रूळ पडलेले. त्या रुळांवर मी वाळवणाच्या चादरी टाकायची. पहाटे मजूर दारात जमायचे, यांचा मुकादम त्यांना कामं वाटून द्यायचा आणि सगळे बैलगाड्यांतून निघायचे. कामावर यांचा शब्द म्हणजे शेवटचा. भिंत ओळंब्यात नसली तर हे एक शब्द बोलायचे, "पाड." गवंडी भिंत पाडायचा. कोणी काऊन म्हणून विचारायचं नाही. पण त्याच मजुराच्या घरी बाळंतीण अडली की गाडी आमची जायची, हेही खरं.

महाराष्ट्र नवा होता. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या त्या वर्षी तालुक्यातली चार वजनदार माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसली. मी आत चहा करत होते आणि कान बाहेर होते. त्यांतले एक जण म्हणाले, "रस्ते, शाळा, विहिरी, सारं आता समितीच्या हाती येऊन राह्यलं. ज्याले काम समजते असा माणूस पाह्यजे. भाषणं करनारे लय आहेत. भाऊ, तुमीच उभे राहा."

ती माणसं गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "काय म्हणतं तुह्यं मन?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"एवढ्या मान्सांकडून काम करून घेतो मी. तालुका काय जड आहे?"

मलाही तसंच वाटलं. जो माणूस नुसत्या दगडमातीतून पूल उभा करतो त्याला माणसांचं काय अवघड? आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा आमच्या गावात सगळ्यांचाच हा हिशेब होता.

हे निवडून आले आणि सभापतीही झाले. गुलाल धुऊन होतो न होतो तोच पहिला घाव बसला. समितीचा माणूस असेल त्याने समितीच्या कामाचा ठेका घ्यायचा नाही, असा कायदा. धाकट्या दिरांनी सुचवलं, "भाऊ, धंदा माह्या नावावर चालू ठेवू. कायद्यात बसते."

हे म्हणाले, "तू बांधशीन अन् मी तपासीन? लोक काय आंधळे आहेत काय बे?"

दीर रागावले, पुढे पिठाची गिरणी टाकून त्यांनी आपलं वेगळं बघितलं. धंदा बंद झाला. मुकादम खामगावकडे दुसऱ्या ठेकेदाराच्या कामावर लागला. निघताना तो अंगणात टोपी हातात धरून उभा राहिला. लग्नाच्या आधीपासून यांच्यासोबत होता तो. म्हणाला, "वहिनी, भाऊले सांगजा. बोलावलं की येतो." हे तेव्हा घरातच होते, पण बाहेर आले नाहीत. यांना ते जमलं नसतं. घर आता शेतीवर चालणार होतं, आणि शेती आमची बेताचीच.

पहिलं वर्ष मात्र यांचंच होतं. समितीची जीप घेऊन हे गावोगाव फिरायचे. बांधलेल्या विहिरीत उतरायचे, शाळेच्या भिंतीला नखाने खरवडून पाहायचे. नखाला रेती लागली की ठेकेदाराची गय नाही. एका गावी नवी भिंत हाताने ढकलून दाखवली, ती खरंच हलली. अशा गोष्टी तालुकाभर पसरायच्या. बाजारात बायका मला म्हणायच्या, "बाई, तुमच्या मालकानं बरं केलं." मला आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू.

पण सभेतल्या गोष्टी वेगळ्या होत्या. सभा संपली की काही सदस्य चहाला आमच्याकडे यायचे आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून मला समजायचं. कोणी बोलायला लागलं की हे हात वर करून त्याला थांबवायचे, कामावर मजुराला थांबवावं तसं. कोणत्या गावात काय बांधायचं, कुठे बांधायचं, हे घरूनच ठरवून जायचे. सदस्यांत एक वकील होते. सभापतिपदासाठी यांच्याविरुद्ध उभे राहून पडलेले. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं मऊ आणि धार भारी. एकदा चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "सभापती, एक लक्षात ठेवा. आम्ही तुमच्या हजेरीवरचे मजूर नाही."

यांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं. ते गेल्यावर मात्र म्हणाले, "काम होऊन राह्यलं तर या लोकायले त्रास काय आहे?"

मीही तेव्हा हेच म्हणाले.

त्यानंतर एका शाळेचं प्रकरण आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे, नाव मुद्दाम सांगत नाही. मधून नाला वाहतो. अलीकडे जुनं गाव, पलीकडे उंचवट्यावर गरिबांची वस्ती. शाळा जुन्या गावातल्या देवळाच्या ओवरीत भरायची. शाळेच्या इमारतीला मंजुरी मिळाली तेव्हा हे स्वतः जागा पाहायला गेले. दोन्हीकडे खड्डे खणून पाहिले. अलीकडे काळी माती, कमरेइतकं खणलं तरी पाया धरत नाही. पलीकडे हातभर खाली मुरूम. यांना विचार करायचं कारणच नव्हतं. त्याच दुपारी पलीकडच्या उंचवट्यावर खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या फक्कीने आखणी केली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, खुंट्या उपटून टाकल्यात. फक्की पायाने पुसली आहे.

हे पुन्हा गेले, पुन्हा आखलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा निघताना ड्रायव्हरला म्हणाले, "जाताना पोलीस ठाण्यावर थांबव." मी अंगणातच होते. मी म्हटलं, "मी येते."

"तू कायले?"

"बसायला."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, सरकून जागा दिली. जीप ठाण्यावरून गेली तेव्हा ड्रायव्हरने वेग कमी केला, पण हे पुढेच बघत होते. थांबायला सांगितलं नाही.

सरपंचांच्या घरी हे बाहेर बसले आणि मी आत. सरपंच म्हातारे, कमी बोलणारे. त्यांची बायको सुपात तुरीचे सोले काढत होती. मीही तिच्यासोबत शेंगा घेतल्या.

"घाटावरच्या ना तुमी? बोलन्यावरून समजलं," ती म्हणाली.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी सरळ विचारलं, "मावशी, शाळा पलीकडे नको असं का हो वाटतं गावाला?"

तिचे हात थांबले. म्हणाली, "माही नात गेली बाई त्या नाल्यात. पलीकडं शेरडं शोधाले गेलती. वरून डोंगरातून पाणी आलं. इकडं आभाय कोरडं होतं, कोनाले काई समजलंच नाई." आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. "आता सारी पोट्टी रोज त्याच नाल्यातून धाडा म्हन्ता तुमी. बुढा खुंट्या नाई उपटनार तर काय करनार?"

म्हणजे खुंट्या सरपंचांनी स्वतः उपटल्या होत्या. या वयात, वाकून, एकेक. बाहेर ते यांच्यासमोर बसले होते आणि मुरूम आणि काळ्या मातीबद्दल मुकाट ऐकून घेत होते. नातीबद्दल एक शब्द नाही. सभापतीने एकदा आखणी केली म्हणजे बोलून उपयोग नाही, असं त्यांना वाटलं असणार. यांनीच तसं वाटू दिलं होतं.

जीपमध्ये बसल्यावर मी यांना सांगितलं. यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मी माती पाह्यली. एवढंच पाह्यलं." आणि ड्रायव्हरला जीप वळवायला लावली.

आम्ही परत सरपंचांच्या दारात उतरलो. हे आत गेले नाहीत, पायरीवरच बसले आणि म्हणाले, "दादा, मले कोनी सांगतलं नव्हतं." सरपंच उभे होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला आणि शेजारी बसले. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, कारण मी आत गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. शाळा अलीकडे बांधू, पाया खोल घेऊ, असं हे जवळजवळ ठरवूनच बसले होते. पुढच्या आठवड्यात देवळापुढे सगळ्या गावाची बैठक घेतली. यांच्या सांगण्यावरून पलीकडच्या वस्तीलाही निरोप गेला. ती माणसं आली आणि लांब, लिंबाखाली उभी राहिली. हे म्हणाले, शाळा अलीकडेच होईल. जुन्या गावातली माणसं खुश झाली. तेवढ्यात लिंबाखालून एक बाई पुढे आली. कडेवर पोर होतं.

"साहेब, आमची पोरं रोज तोच नाला वलांडून येतात. इतकी सालं झाली. तवा कोनी खुंट्या नाई उपटल्या."

कोणीतरी मागून म्हणालं, "तू बस व." ती बसली नाही. हे तिच्याकडे बघत होते. यांनी हात वर केला आणि मला वाटलं, आता हे तिला थांबवतात. पण यांनी मागून बोलणाऱ्याला थांबवलं होतं.

"बोल माय," हे म्हणाले.

ती म्हणाली, "माहं झालं बोलून."

त्या दिवसानंतर कितीतरी बैठका झाल्या. मला वाटतं आयुष्यात यांनी बसून एवढं कधी ऐकून घेतलं नव्हतं. घरी आले की वैतागायचे. "अवं, कामावर असतो तर इतक्या दिवसांत छत टाकून झालं असतं!" मी म्हणायचे, "मग जा, टाका छत." मग पुन्हा जीप काढायचे. आखणी कधी इकडे, कधी तिकडे, आणि बोलणं फिरून नाल्यावरच यायचं. शेवटी एका बैठकीत सरपंचच बोलले. "साहेब, शाळा पल्याड बांधा. आमी नाई म्हननार नाई. पन आधी पूल. पूल झाल्याशिवाय शाळेचा एक दगड नाई."

मंजुरी शाळेची होती. पुलाची नव्हती. ठेकेदार म्हणून यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की मार्चअखेर काम सुरू झालं नाही तर मंजूर झालेला सारा पैसा परत जातो. पुढच्या वर्षी मिळेलच याची खात्री नाही. हे त्यांनी बैठकीत सगळ्यांना सांगितलं. सरपंच म्हणाले, "जाऊ द्या परत."

हे हो म्हणाले. ज्या माणसाने एकही काम मुदतीबाहेर जाऊ दिलं नव्हतं तो माणूस हो म्हणाला. मी तिथेच होते, बायकांत बसलेली. यांच्या कपाळावर घाम होता.

घरी येऊन हे परसात गेले आणि रुळांपाशी उभे राहिले. मला हाक मारली. "पुलाले हे रूळ देऊ काय?"

ते आमच्या पडत्या काळासाठी ठेवलेले होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "वाळवणाला दुसरी जागा बघते."

आणि मग मुकादमाला निरोप गेला. तो खामगावहून आला तो आपल्यासोबत दोन गवंडी घेऊनच. यांनी त्याला सांगितलं, समितीकडून या कामाला काही नाही, गाव हाताने बांधणार आहे. तो म्हणाला, "मी काई विचारलं काय?" दगड गावाच्याच शिवारातले. दोन्हीकडची माणसं नाल्यात उतरली. पहिल्या दिवशी अलीकडच्यांनी अलीकडचा खांब बांधायला घेतला आणि पलीकडच्यांनी पलीकडचा. पण मधला खांब कोणाचा? तिथे हे धोतर खोचून स्वतः पाण्यात उभे राहिले आणि दोन्हीकडच्यांना नावाने हाका मारून एकाला इकडे, एकाला तिकडे असं ओळीत उभं केलं. दगड एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागले. कोण कोणाच्या हातातून घेतो हे पाहायला काठावर काही म्हातारी माणसं उभी होती. त्यांतला एक जण निघून गेला, तोही दुपारनंतर परत आला.

त्या दिवशी मला यांचा अभिमान वाटला. नाल्यात उभा होता तो जुना ठेकेदारच. माणसं कशी उभी करायची, कोणाला कुठे लावायचं, कोण थकलाय, कोणाला हसवायचं, हे सगळं त्यांना त्या धंद्यानेच शिकवलं होतं. पण त्या माणसांना नाल्यात उतरायला कशाने राजी केलं, ते धंद्यातलं नव्हतं. ते यांना त्या पायरीवर आणि लिंबाखाली मिळालं.

खांबांवर आमचे रूळ आडवे पडले आणि पूल झाला. अरुंदच, माणूस आणि फार तर सायकल जाईल एवढा. आणि शाळेची मंजुरी परत गेली.

तालुक्यात हसं झालं. "ठेकेदाराले साधी शाळा नाई बांधता आली," लोक म्हणू लागले. वर्षभरापूर्वी बाजारात माझं कौतुक करणाऱ्या बायका आता विषय टाळायच्या. समितीच्या सभेत तीच शाळा पुन्हा यादीत घ्यायचा विषय आला तेव्हा काही सदस्य उसळले. एकाच गावाला पुन्हा पुन्हा का म्हणून? त्यांचंही चूक नव्हतं, त्यांच्याही गावी शाळा नव्हत्या. हे उत्तर द्यायला उठत होते. तेवढ्यात ते वकील उठले. मला हे नंतर यांनीच सांगितलं. वकील म्हणाले, "सभापतींनी या सभागृहात आजवर एकदाही आम्हाला विचारून काम केलेलं नाही. पण त्या गावाला त्यांनी विचारलं. विचारल्याची शिक्षा त्या गावाला होऊ नये." आणि शाळा यादीत आली.

संध्याकाळी हे वकिलांच्या घरी गेले. मीही गेले. वकिलांच्या बायकोने पोहे केले होते. हे म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी माह्यावर उपकार केले."

वकील हसले. "उपकार कसले? आता सभेत आम्हालाही विचारत चला म्हणजे झालं."

आणि हे विचारू लागले. लगेच नाही, आणि दर वेळी नाही. पण हात वर करणं कमी झालं.

शाळा पुढच्या वर्षी पलीकडच्या उंचवट्यावर झाली. उद्घाटनाला मोठी माणसं येणार होती, त्यांना उशीर झाला. मुलं उन्हात ताटकळली. सरपंच यांच्याकडे आले आणि म्हणाले, "लेकरायले आत बसवू काय?" हे म्हणाले, "तुमची शाळा आहे, मले काऊन विचारता?" मोठी माणसं आली तेव्हा वर्गात पाढे चालू होते.

मुदत संपली, पुढची निवडणूक आली आणि हे पडले. बाकीच्या गावांचा राग होताच. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी हे घरी आले, पाय धुतले आणि चहा मागितला. मला भीती वाटत होती, आता हे कोसळतील की काय. ते म्हणाले, "मुकादमाले कळवतो. काम पाहू." आणि चहा घेऊन अंगणात झोपले. इतक्या गाढ झोपेत मी त्यांना पाच वर्षांत पाहिलं नव्हतं.

धंदा पुन्हा उभा राहिला, पूर्वीइतका मोठा नाही. पण हे बदलले होते. आखणीच्या आधी गावातल्या माणसांना विचारायचे, इथून तुमची वाट जाते काय, इथे काही झालं होतं काय. मुकादम वैतागायचा, "भाऊ, असं विचारत बसलो तर काम कवा होईन?" हे म्हणायचे, "होईन रे." गवंड्यालाही आता "पाड" म्हणण्याआधी विचारायचे, काय झालं. दिरांशीही बोलणं सुरू झालं. त्यांच्या गिरणीचं नवं जोतं यांनीच बांधून दिलं.

आता हे नाहीत. मागे वळून पाहते तेव्हा त्या पाच वर्षांत आम्ही काय गमावलं हे मला आठवतं, पण जास्त आठवतात ती माणसं. तुरीच्या शेंगा सोलत आपलं दुःख माझ्यापुढे ठेवणारी ती बाई. कडेवर पोर घेऊन लिंबाखालून पुढे आलेली ती दुसरी. न विचारता आलेला मुकादम. विरोधात असूनही उठून उभे राहिलेले वकील. त्यांच्यामुळे मला माझा नवरा नव्याने मिळाला, असं मी म्हणते तेव्हा सुना हसतात. पण ते तसंच आहे.

यांच्या शेवटच्या वर्षांतली एक गोष्ट. आमच्याच भागातला एक तरुण ठेकेदार घरी आला. चांगलं काम करणारा, लोकांत नाव असलेला. म्हणाला, "काका, लोक मले उभं राह्य म्हनून राह्यले. ज्याले काम करून घेता येते त्याले राजकारन जमते म्हन्तात. खरं आहे काय?"

हे म्हणाले, "कामावर मानूस आला म्हंजे त्याले काम पाह्यजे हे ठरलेलं असते. इथं कोनाले काय पाह्यजे हेच आधी समजून घ्या लागते. अन् तो सांगतही नाही. तेवढं बसनं होत असन तर राह्य उभा. बाकी तुले येते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुमी काय म्हन्ता?"

मी म्हटलं, "बायकोला विचारलंस का?"

दुसऱ्या दिवशी तो खरंच तिला घेऊन आला. पुरुष बाहेर बसले आणि ती आत माझ्याजवळ. नवीनच संसार होता. पदर सारखा करत तिने हळूच विचारलं, "काकू, निवडून आल्यावर घरी रोज चहाले कितीक मानसं येतात हो?"

मी पोटभर हसले. मग तिला पाट दिला, आणि सगळं खरं खरं सांगायला बसले.